विषय क्रमांक सात

मी मागे बसते.
साहेबांच्या खुर्च्या टेबलाला लागून,
माझी भिंतीला. मांडीवर वही, दोन पेन्सिली.
कोकण भवन, वरचा मजला,
क्रीडा समन्वय समिती, बैठक चौथी.
विषय क्रमांक सात : घणसोलीचं मैदान.

जमीन सिडकोची.
देखभाल महापालिकेची, जमीन मिळाल्यावर.
अनुदान राज्याचं, देखभालीची हमी मिळाल्यावर.
मॅटचे पैसे दिल्लीचे,
राज्याचा हिस्सा जमा झाल्यावर.
दिल्लीहून पत्र आलंय; त्यात
न मिळालेल्या पैशांचं वापर प्रमाणपत्र मागितलंय.
वाचून कुणी हसलं नाही.
मी हसले, पण शॉर्टहँडमध्ये
हसण्याला खूण नाही.

मैदान मला ठाऊक आहे.
सकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या तिथे आठचा आकडा गिरवतात.
लग्नसराईत हळदीचे मांडव.
हळदीच्या दुसऱ्या दिवशी भगत सर
आम्हाला एका रांगेत उभं करायचे, आणि आम्ही वाकून
खिळे, काचा, मटणाची हाडं वेचत
या टोकापासून त्या टोकाला जायचो.
तोच वॉर्मअप.
मग फक्की. मग खो-खो.

आठ जणी बसलेल्या.
एकीचं तोंड खाडीकडे, पुढचीचं डोंगराकडे.
बसलेलीनं आपणहून उठायचं नाही,
पळणारी हातभर अंतरावरून गेली तरी नाही.
धावणारीनं मागे फिरायचं नाही,
दिशा बदलायची तर खांबाला वळसा घालून.
इथेही तसंच.
एकाचं तोंड मंत्रालयाकडे, एकाचं ठेकेदाराकडे,
सगळे आपापल्या चौकात, नियमाप्रमाणे.
कुणी फाऊल करत नव्हतं.
फक्त नववं कुणी नव्हतं.

आमच्या ऑफिसात ‘खो घातला’ म्हणजे काम अडलं.
हा वाक्प्रचार ज्यानं पाडला
त्याला कधी खो मिळाला नसावा.
पाठीवर थाप, कानाशी शब्द,
आणि विचार सुरू व्हायच्या आत
गुडघा सरळ झालेला असतो.

पालिकेचे उपअभियंता काझी माझ्या बरोब्बर पुढे होते.
म्हणाले, ताबा पावती नाही, त्यामुळे.
‘त्यामुळे’च्या पुढे काही नव्हतं.
भूखंड आहे त्या स्थितीत घेण्यास हरकत नाही,
हे जूनचं पत्र मीच टाइप केलं होतं.
जावक क्रमांक मला पाठ.
चिठ्ठीवर लिहिला
आणि खुर्चीमागून त्यांच्या खांद्याशी धरला.
तोंडानं काही बोलले का? आठवत नाही.
बोलले असेन.

ते वळले नाहीत. वाचलं.
आणि चक्क उभे राहिले.
बैठकीत उभं राहून कुणी बोलत नाही.
“आहे त्या स्थितीत घेतो,” म्हणाले, “सोमवारी.”
मग सिडकोच्या बाईंनी डायरी उघडली,
राज्याच्या साहेबांनी कुणाला तरी फोन लावला.
दिल्लीचं पत्र टेबलावर पडून राहिलं.
त्याला पाठ नव्हती.

इतिवृत्तात मी लिहिलं :
‘सविस्तर चर्चेअंती ताबा घेण्याचे ठरले.’
अशा वाक्यात
कुणी उठत नाही.

परवाच्या रविवारी मुद्दाम गेले.
मॅट नाही. खांब आलेले नाहीत.
मांडववाल्याचे दोन बांबू रोवलेत, एक जरा कललेला.
फक्की ताजी होती, चपलेला लागली.
हर्षाली मढवी म्हणून एक मुलगी, सातवीतली असेल,
कललेल्या बांबूला धरून अशी काही वळली
की तो आणखी कलला.
भगत सर ओरडले,
“खांब सांभाळ गं, सरकारी आहे!”

तो अजून नव्हता.